न चिकटणारे चुंबकत्व : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात चुंबकांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ॲल्युमिनियम, प्लॅटिनम आणि टायटॅनियम हे धातू समचुंबकीय आहेत, असे एक वाक्य ओझरते येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर मुंबई आणि आसपासच्या भागांतून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर केवळ त्या पत्रांसाठीच राखून ठेवले आहे. महाविद्यालयात ज्यांना पॅरामॅग्नेटिक म्हणतात तेच हे पदार्थ. चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर ते त्या क्षेत्राच्याच दिशेने किंचित चुंबकित होतात आणि क्षेत्र काढून घेताच ते चुंबकत्व सोडून देतात. जे पदार्थ क्षेत्राच्या उलट दिशेने चुंबकित होतात ते प्रतिचुंबकीय, आणि लोखंडासारखे जे क्षेत्र काढल्यावरही आतून चुंबकित राहू शकतात ते लोहचुंबकीय. हा भेद मायकेल फॅरेडे यांनी १८४५ साली प्रयोगांनी दाखवून दिला. पुढील उत्तरांमध्ये या संज्ञा पुन्हा पुन्हा येतील.

ॲल्युमिनियम समचुंबकीय असल्याचे बारावीत शिकवले जाते. आमच्या घरच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला मात्र चुंबक मुळीच चिकटत नाही. मग त्याला चुंबकीय म्हणण्यात अर्थ काय? — एक विद्यार्थिनी, भांडुप

अर्थ आहे, पण परिमाण लक्षात घ्यावे लागते. बाहेरून लावलेल्या क्षेत्रामुळे पदार्थ किती चुंबकित होतो, या प्रमाणाला चुंबकीय ग्रहणशीलता म्हणतात. ॲल्युमिनियमची ग्रहणशीलता दर लाखामागे सुमारे दोन इतकी आहे, तर मऊ लोखंडाच्या बाबतीत हेच गुणोत्तर हजारांच्या घरात जाते. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या निओडिमियम चुंबकाने ॲल्युमिनियमच्या तुकड्याला जवळून ओढले, तरी ते बल त्या तुकड्याच्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंतही पोहोचत नाही. पातेल्याला चिकटलेले चुंबक पेलून धरण्याची अपेक्षा अशा बलाकडून करता येत नाही, परंतु ते बल खरे आहे आणि घरी दिसूही शकते.

त्यासाठी शीतपेयाची एक नळी मधोमध बारीक रेशमी धाग्याने आडवी टांगावी, तिच्या एका टोकाला ॲल्युमिनियमचा लहानसा भरीव तुकडा बसवावा आणि दुसऱ्या टोकाला चिकणमाती लावून तोल साधावा. पंखा बंद करून हे सगळे मोठ्या काचेच्या बरणीत टांगावे, कारण मुंबईच्या घरात खिडकीतून येणारी झुळूकही या बलाहून मोठी असते. नळी पूर्ण स्थिर झाल्यावर चुंबक बरणीच्या बाहेरून, तुकड्याच्या अगदी जवळ, अतिशय सावकाश आणून ठेवावे आणि वाट पाहावी. तुकडा हळूहळू चुंबकाकडे सरकतो. त्याच जागी द्राक्ष लावले तर ते चुंबकापासून दूर जाते, कारण त्यातील पाणी प्रतिचुंबकीय आहे. तुकडा कानशीने घासलेला असेल तर त्यावर लोखंडाचा कीस राहतो आणि तो सगळ्या प्रयोगाची दिशाभूल करतो, म्हणून तुकडा लिंबाच्या रसाने घासून, धुऊन, पुसून घ्यावा.

येथे "सावकाश" हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. चुंबक झटकन जवळ नेले तर ॲल्युमिनियमचा तुकडा दूर ढकलला जातो आणि झटकन मागे घेतले तर तो पाठोपाठ येतो. हा परिणाम समचुंबकत्वाचा नसून विद्युत संवाहकतेचा आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूमध्ये भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युत प्रवाह, निर्माण होतात आणि ते त्या बदलाला विरोध करतात. तांब्याचा तुकडाही अगदी असाच वागतो, किंबहुना तांबे अधिक चांगले संवाहक असल्याने अधिक जोमाने वागतो, आणि तरीही तांबे समचुंबकीय नाही. चुंबक हलत असताना जे दिसते ते संवाहकतेचे आणि चुंबक स्थिर असताना जे दिसते ते चुंबकत्वाचे, एवढा विवेक ठेवला तर निम्मे घोटाळे टळतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अनेक चित्रफितींत हे दोन परिणाम सर्रास एकत्र केलेले असतात, ही खेदाची बाब आहे.

आता या क्षीण चुंबकत्वाचे मूळ पाहू. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक अणूचे बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन अणूला सोडून धातूभर संचार करतात, आणि विजेचा प्रवाह वाहतो तो त्यांच्यामुळेच. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्पिन नावाच्या आपल्या अंगभूत गुणामुळे एक सूक्ष्म चुंबक असतो. मग हे सारे सूक्ष्म चुंबक बाहेरच्या क्षेत्राकडे का वळत नाहीत? ते सगळे मोकळेपणाने वळले असते, तर ॲल्युमिनियमचे चुंबकत्व आहे त्याच्या शेकडो पट भरले असते आणि तापमानाबरोबर झपाट्याने बदलले असते. प्रत्यक्षात ते तापमानाबरोबर जवळजवळ बदलतच नाही. हे कोडे वोल्फगांग पाउली यांनी १९२७ साली सोडवले. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात पुढच्या रांगेपासून खुर्च्या भरत गेल्या आहेत आणि मागच्या काही रांगा रिकाम्या आहेत, अशी कल्पना करा. मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला जागा बदलावीशी वाटली तरी भोवतालच्या सर्व खुर्च्या भरलेल्या असतात. जागा बदलता येते ती फक्त शेवटच्या भरलेल्या रांगेतील प्रेक्षकांना, कारण त्यांच्याच मागे रिकाम्या खुर्च्या असतात. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्याही अशाच खालून वर भरत जातात, प्रत्येक जागी उलट स्पिनची एक जोडी बसते, आणि स्पिन बदलायचा तर वरची रिकामी जागा हवी. ही शेवटची भरलेली पातळी म्हणजे फर्मी पातळी. तिच्या आसपासचे थोडेसे इलेक्ट्रॉनच चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतात, आणि विद्युत क्षेत्राला प्रतिसाद देणारेही तेच असतात. धातूच्या चुंबकीय आणि विद्युत गुणांचा विचार एकत्र करावा लागतो तो यामुळे.

माझ्या पायात टायटॅनियमची पट्टी आहे. मॉलच्या दारात मेटल डिटेक्टर कधी वाजतो, कधी वाजत नाही. टायटॅनियमचे समचुंबकत्व याला कारणीभूत असेल का? — एक वाचक, मुलुंड

नाही. मेटल डिटेक्टर बदलते चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि धातूमध्ये उठणाऱ्या भोवरी प्रवाहांचा वेध घेतो, म्हणजे तो मुख्यतः संवाहकता ओळखतो. टायटॅनियमची रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याचा गुण, तांब्याच्या सुमारे पंचवीस पट आहे आणि पट्टीसाठी वापरले जाणारे मिश्रधातू त्याहूनही अधिक रोध करतात, त्यामुळे भोवरी प्रवाह दुबळे राहतात. यंत्राची संवेदनशीलता किती ठेवली आहे आणि आपण दारातून कसे जाता, यावर ते वाजणे न वाजणे ठरते. समचुंबकत्वाचा संबंध दुसरीकडे येतो. टायटॅनियमचे चुंबकत्व इतके क्षीण आहे की एमआरआयच्या प्रबळ चुंबकातही पट्टी जाणवण्याइतकी ओढली जात नाही. तरीही तपासणीपूर्वी पट्टीची कागदपत्रे तंत्रज्ञाला अवश्य दाखवावीत, कारण पट्टी नेमक्या कोणत्या धातूची आहे हे केवळ आठवणीवर सोडू नये.

तांबे प्रतिचुंबकीय आणि मोरचूद समचुंबकीय, असे पुस्तकात आहे. धातूमध्ये जो गुण नाही तो त्याच्या संयुगात कोठून येतो? आणि मोरचूद चुंबकीय असूनही वीज का वाहून नेत नाही? — एक विद्यार्थी, माटुंगा

या महिन्यातील हा सर्वात मोलाचा प्रश्न आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण चुंबकत्व आणि संवाहकता यांचा खरा संबंध यात सापडतो.

तांब्याच्या अणूत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन आणि त्याच्या आत डी कक्षक नावाच्या पाच जागांत दहा इलेक्ट्रॉन असतात. दहा म्हणजे पाच पूर्ण जोड्या. प्रत्येक जोडीत दोन स्पिन एकमेकांना छेदून टाकतात. धातू बनताना बाहेरचा इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि वर सांगितलेले क्षीण समचुंबकत्व देतो. परंतु आतील भरलेल्या कवचांचे प्रतिचुंबकत्व त्याहून किंचित भारी पडते आणि बेरीज उणे येते. तांबे प्रतिचुंबकीय आहे ते असे, दोन विरुद्ध परिणामांच्या वजाबाकीतून.

मोरचूदात, म्हणजे पाच पाण्याचे रेणू असलेल्या कॉपर सल्फेटात, तांब्याने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. एक बाहेरचा जातो आणि दुसरा डी कक्षकांतून. उरतात नऊ, चार जोड्या आणि एक एकाकी इलेक्ट्रॉन. हा एकाकी इलेक्ट्रॉन आपल्या आयनावरच बांधलेला असतो. त्याला फर्मी पातळीचे बंधन नाही, वळण्यासाठी वरची रिकामी जागा शोधावी लागत नाही. त्याला अडवते ती फक्त उष्णतेची चळवळ. म्हणून मोरचूदाच्या एका मोलची ग्रहणशीलता ॲल्युमिनियमच्या एका मोलच्या सुमारे ९० पट भरते, आणि तापमान उतरेल तसतशी ती वाढत जाते. निरपेक्ष तापमान निम्मे झाले की अशा पदार्थाची ग्रहणशीलता दुप्पट होते, हा पिएर क्युरी यांनी १८९५ साली मांडलेला नियम. आपल्या प्रयोगशाळेतील २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिनवरून द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्व्हिनवर मोरचूद नेला, तर त्याची ग्रहणशीलता जवळजवळ चौपट होते.

किती इलेक्ट्रॉन एकाकी आहेत यावर आयनाचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे सूक्ष्म चुंबक म्हणून त्याची ताकद, ठरते. एकाकी इलेक्ट्रॉनांची संख्या घ्यावी, तिला तिच्याहून दोनने मोठ्या संख्येने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर बोर मॅग्नेटॉन या एककात मिळते. एका इलेक्ट्रॉनासाठी १.७३ येते, मोरचूदाचे मोजमाप १.९ च्या आसपास भरते, आणि हा फरक इलेक्ट्रॉनाच्या कक्षीय गतीमुळे पडतो. मँगनीज सल्फेटातील आयनावर पाच एकाकी इलेक्ट्रॉन असतात, तेथे गणित ५.९२ देते आणि मोजमापही तेवढेच येते. आपल्या प्रयोगशाळेत सहज मिळणारी दोन रसायने या बाबतीत फार बोलकी आहेत. तांबडे पोटॅशियम फेरिसायनाइड समचुंबकीय आहे, कारण त्यातील लोहाच्या आयनावर एक एकाकी इलेक्ट्रॉन असतो. पिवळे पोटॅशियम फेरोसायनाइड प्रतिचुंबकीय आहे, कारण तेथे सहाही इलेक्ट्रॉन जोड्यांनी बसलेले असतात. लोह दोन्हींत आहे, पण समचुंबकत्व एकातच आहे. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत गुई तराजू असेल तर हे स्वतः पाहावे. चूर्ण भरलेली काचेची नळी तराजूला अशी टांगतात की तिचे खालचे टोक विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मध्ये येते. प्रवाह सुरू करताच फेरिसायनाइडच्या नळीचे वजन वाढल्यासारखे दिसते आणि फेरोसायनाइडच्या नळीचे किंचित घटल्यासारखे. अशा मोजमापांसाठी शांतिस्वरूप भटनागर आणि के. एन. माथुर यांनी १९२८ साली प्रकाशाच्या व्यतिकरणावर चालणारा एक अतिशय संवेदनशील तराजू तयार केला होता, याची आठवण आपल्या विद्यार्थ्यांना असावी.

आता विजेचा प्रश्न. एकाकी इलेक्ट्रॉन आयनावर बांधलेला आहे म्हणूनच तो चुंबकीयदृष्ट्या मोकळा आहे, आणि बांधलेला आहे म्हणूनच तो वीज वाहून नेत नाही. कोरड्या मोरचूदाच्या स्फटिकातून प्रवाह जात नाही. पाण्यात विरघळवल्यावर जातो, पण तेव्हा इलेक्ट्रॉन नव्हे, संपूर्ण आयन वाहत असतात. धातूतला मोकळा इलेक्ट्रॉन वीज वाहतो आणि चुंबकत्व देताना कंजुषी करतो. संयुगातला बांधलेला इलेक्ट्रॉन चुंबकत्व सढळपणे देतो आणि वीज नाकारतो. निकेल ऑक्साइडाचे उदाहरण तर त्याहूनही विचार करायला लावणारे आहे. त्याचे डी कक्षक अर्धवट भरलेले असल्यामुळे साध्या सिद्धांतानुसार त्याने धातूसारखी वीज वाहायला हवी, पण ते उत्तम विद्युतरोधक आहे. ही विसंगती १९३७ साली पुढे आली. नेव्हिल मॉट यांनी तिचे कारण इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणात शोधले. दुसऱ्या आयनावर उडी मारायची तर तेथे आधीच असलेल्या इलेक्ट्रॉनाचे प्रतिकर्षण सोसावे लागते, आणि ते परवडत नाही, म्हणून प्रत्येक जण आपापल्या जागी अडकून राहतो.

एकच इलेक्ट्रॉन दोन्ही भूमिका आलटून पालटून वठवताना पाहायचा असेल, तर व्हॅनेडियम डायऑक्साइडाकडे पाहावे. सुमारे ६८ अंश सेल्सिअसच्या खाली त्यातील व्हॅनेडियमचे आयन दोन दोन जवळ येऊन जोड्या करतात, त्यांचे एकेक इलेक्ट्रॉन त्या जोडीत गुंततात, पदार्थ जवळजवळ अचुंबकीय होतो आणि वीज फार कष्टाने वाहतो. ६८ अंशांच्या वर जोड्या सुटतात. संवाहकता एकदम हजारो पटींनी वाढते आणि त्याच क्षणी समचुंबकत्वही उसळी घेते. चहाच्या उकळीपेक्षाही कमी तापमानाला हा बदल घडतो.

आमचा दागिन्यांचा व्यवसाय आहे. काही गिऱ्हाइके प्लॅटिनमच्या अंगठीला चुंबक लावून पाहतात आणि ती किंचित ओढली गेली की खोटी ठरवतात. हे बरोबर आहे का? — एक व्यावसायिक, झवेरी बाजार

शुद्ध प्लॅटिनम समचुंबकीय आहे. त्याची ग्रहणशीलता ॲल्युमिनियमच्या दहा पटींहून अधिक असली, तरी हातातल्या चुंबकाला ती जाणवत नाही. अंगठी डोळ्यांना दिसेल इतकी ओढली जात असेल, तर त्यात काहीतरी लोहचुंबकीय मिसळलेले आहे. मात्र त्यावरून ती खोटी ठरत नाही. दागिन्यांचे प्लॅटिनम बहुधा हजारात ९५० भाग शुद्ध असते आणि उरलेल्या पन्नास भागांत ओतकामासाठी काही कारागीर कोबाल्ट वापरतात. तो मिश्रधातू किंचित चुंबकीय असतो. इरिडियम किंवा रुथेनियम घातलेली अंगठी तितकीच शुद्ध असूनही ओढली जात नाही. उलट चांदीची किंवा पांढऱ्या सोन्याची वस्तू प्लॅटिनम म्हणून पुढे केली, तर चुंबक तेथेही गप्प राहील. चुंबकाच्या कसोटीवर प्लॅटिनमचा खरेखोटेपणा ठरवू नये. त्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राची तपासणी आणि शुद्धतेची मोहोर यांवरच विसंबावे.

पत्रात विचारलेले नाही, तरी याच धातूंबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. प्लॅटिनमची रोधकता तांब्याच्या सुमारे सहा पट आहे आणि त्याची ग्रहणशीलताही साध्या धातूंच्या मानाने बरीच मोठी आहे. दोन्हींचे कारण एकच आहे. प्लॅटिनमच्या फर्मी पातळीपाशी डी कक्षकांतून आलेल्या जागांची प्रचंड दाटी असते. स्पिन बदलण्यासाठी जागा मुबलक, म्हणून चुंबकत्व जास्त. आणि वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन वाटेत या जड, संथ जागांमध्ये सतत विखुरला जातो, म्हणून रोधही जास्त. हे स्पष्टीकरणही मॉट यांनीच १९३० च्या दशकाच्या मध्यावर दिले. प्लॅटिनमचा रोध तापमानाबरोबर अतिशय नियमितपणे वाढतो, त्यामुळे तळोजा किंवा पाताळगंगा येथील रासायनिक कारखान्यांत तापमान मोजणारे पीटी-१०० संवेदक त्याचेच असतात. शून्य अंशाला त्यांचा रोध १०० ओहम असतो आणि शंभर अंशांना १३८.५ ओहम.

प्लॅटिनमचा भाऊबंद पॅलेडियम तर लोहचुंबकीय होण्याच्या अगदी उंबरठ्यावर थांबलेला आहे. त्याच्या इलेक्ट्रॉनांतील परस्पर आंतरक्रियेमुळे त्याची ग्रहणशीलता अपेक्षेच्या सुमारे दहा पट होते, आणि त्यात शंभरात एखादा लोहाचा अणू मिसळला तरी कमी तापमानाला तो खरोखरच लोहचुंबकीय बनतो. पॅलेडियम हायड्रोजन वायू शोषून घेतो, हे सर्वश्रुत आहे. हायड्रोजनाचे इलेक्ट्रॉन त्याच्या डी कक्षकांतील रिकाम्या जागा भरत जातात, समचुंबकत्व ओसरत जाते, आणि दहा पॅलेडियम अणूंमागे सुमारे सहा हायड्रोजन अणू झाले की ते नाहीसेच होते. त्याच वेळी तारेचा रोध मूळच्या जवळपास पावणेदोन पटीपर्यंत चढतो, कारण स्फटिकात अस्ताव्यस्त बसलेले हायड्रोजन अणू इलेक्ट्रॉनांची वाट अडवतात. रोधातील या वाढीवरच हायड्रोजनची गळती ओळखणारे संवेदक चालतात. अणूमागे अणू असे प्रमाण गाठले, तर जो पॅलेडियम एरवी अतिसंवाहक, म्हणजे विजेला मुळीच रोध न करणारा, नाही तो सुमारे ९ केल्व्हिनला अतिसंवाहक होतो, हे १९७२ साली आढळले. चुंबकत्वाने जागा सोडली आणि तेथे अतिसंवाहकता आली, असे येथे शब्दशः म्हणता येते.

माझ्या आईच्या एमआरआयच्या वेळी गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिले. तो चुंबकीय धातू आहे असे वाचले आणि काळजी वाटली. यंत्राचे चुंबक तो शरीरातून ओढून घेणार नाही ना? — एक वाचक, परळ

काळजी नसावी. धातुरूप गॅडोलिनियम आणि इंजेक्शनातील गॅडोलिनियम यांत मोठा फरक आहे. धातू म्हणून तो सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खाली लोहचुंबकीय आणि त्याच्या वर समचुंबकीय असतो. म्हणजे मुंबईच्या नेहमीच्या हवेत त्याचा तुकडा समचुंबकीयच राहील, आणि तोच तुकडा १६ अंशांवर ठेवलेल्या वातानुकूलित खोलीत नेला तर लोहचुंबकीय होईल. इंजेक्शनात धातूचे कण नसतात. तेथे गॅडोलिनियमचा एकेक आयन एका मोठ्या सेंद्रिय रेणूने चहूबाजूंनी पकडून ठेवलेला असतो, आणि ते द्रावण साधे समचुंबकीय असते. नेहमीच्या मात्रेत ६० किलो वजनाच्या व्यक्तीला एकूण एक ग्रॅमपेक्षाही थोडे कमी गॅडोलिनियम दिले जाते, आणि ते सर्व रक्तात विरलेले असते. त्यावर येणारे चुंबकीय बल नगण्य असते.

त्याचा उपयोग वेगळाच आहे. गॅडोलिनियमच्या आयनावर सात एकाकी इलेक्ट्रॉन असतात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनाचे चुंबकीय आघूर्ण प्रोटॉनाच्या सुमारे ६६० पट असते. आयनाजवळून जाणाऱ्या पाण्याच्या रेणूतील प्रोटॉन त्याच्या सान्निध्यात लवकर मूळ स्थितीला येतात, त्यामुळे जेथे हे द्रावण पोहोचले आहे तो भाग चित्रात उजळ दिसतो. सुटा गॅडोलिनियम आयन विषारी असतो, म्हणूनच त्याला रेणूत बंदिस्त करतात, आणि तो मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकला जातो. आपल्या आईंना मूत्रपिंडांचा विकार असेल, तर पुढच्या तपासणीपूर्वी डॉक्टरांना ते न विसरता सांगावे.

धातू थंड केला की त्याचा रोध कमी होतो. त्यात समचुंबकीय अशुद्धी असेल तर काय फरक पडतो? कमी तापमानाच्या उपकरणांशी माझा कामानिमित्त संबंध येतो. — एक अभियंता, विक्रोळी

फरक फार मोठा पडतो, आणि तो समजून घेण्यास पदार्थविज्ञानाला तीस वर्षे लागली. सोन्याच्या तारा थंड करताना त्यांचा रोध उतरत उतरत एका किमान मूल्यापर्यंत जातो आणि त्याखाली पुन्हा वाढू लागतो, हे नेदरलँड्समधील लायडन येथे १९३४ साली दिसून आले. तार जितकी थंड, तितका रोध अधिक, ही गोष्ट तेव्हाच्या कोणत्याच सिद्धांतात बसत नव्हती. पुढे लक्षात आले, की दोष सोन्याचा नसून त्यात मिसळलेल्या लोहासारख्या अणूंच्या लेशमात्र प्रमाणाचा आहे. १९६४ साली जपानच्या जून कोंडो यांनी गणिताने दाखवले, की अशुद्धीच्या अणूवर बांधलेला स्पिन आणि वाहत्या इलेक्ट्रॉनाचा स्पिन एकमेकांना उलटवत राहतात, आणि ही देवघेव तापमान उतरेल तसतशी अधिक प्रबळ होते. आपल्या कामात सोने आणि ०.०७ टक्के लोह यांच्या मिश्रधातूचे तापयुग्म, म्हणजे व्होल्टेजवरून तापमान सांगणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, आले असेल. द्रव हेलियमच्या तापमानालाही ते चांगले व्होल्टेज देते, ते याच परिणामाच्या बळावर.

अतिसंवाहकतेच्या बाबतीत समचुंबकीय अशुद्धी अधिकच घातक ठरते. ॲल्युमिनियम १.२ केल्व्हिनला आणि नायोबियम ९.२ केल्व्हिनला अतिसंवाहक होतात. दोन्ही समचुंबकीय धातू आहेत, पण त्यांचे समचुंबकत्व वाहत्या इलेक्ट्रॉनांचे आहे, त्यामुळे अडचण येत नाही. लँथेनममध्ये मात्र शंभरात एक गॅडोलिनियम अणू मिसळला, तर अतिसंवाहकता जवळजवळ नष्ट होते. अतिसंवाहकता उलट स्पिनच्या इलेक्ट्रॉन-जोड्यांवर उभी असते आणि बांधलेला स्पिन जोडीतील एका इलेक्ट्रॉनाला एका बाजूस व दुसऱ्याला दुसऱ्या बाजूस खेचून ती मोडतो.

म्हणूनच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता सापडल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांनी या कुलातील पदार्थ करून पाहिले. निकेल हा लोहचुंबकीय धातू असूनही या संयुगात त्याच्यावर बांधलेला स्पिन उरत नाही. इट्रियमच्या जागी अर्बियम किंवा होल्मियम हे प्रबळ चुंबकीय आघूर्ण असलेले अणू बसवले, तरी अतिसंवाहकता टिकून राहते. अर्बियमच्या संयुगात सुमारे ६ केल्व्हिनच्या खाली चुंबकीय क्रम आणि अतिसंवाहकता एकाच स्फटिकात नांदतात. मुंबईत झालेले हे काम आपल्या शाळा-महाविद्यालयांतून जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही, असे मला मनापासून वाटते.

आपण उपकरणांसाठी धातू निवडत असाल, तर विक्रेत्याकडून "९९.९९ टक्के शुद्ध" एवढ्यावर समाधान मानू नये, उरलेल्या भागात लोह, मँगनीज आणि क्रोमियम किती आहेत, हे लिहून घ्यावे. तांब्यात दर दहा लाखांमागे काही मोजके लोहअणू असले तरी द्रव हेलियमच्या तापमानाला त्याची संवाहकता घसरते. प्राणवायूत तापवून लोहाचे ऑक्साइड बनवले, की ते अणू तांब्याच्या विद्रावातून बाहेर पडतात आणि तीच तार पुन्हा चांगली वाहू लागते. संवेदनशील कामासाठी अशी तापवलेली तार मागवावी.